तांबड्या टेकडीची माती

आमच्या मावळात तांबड्या टेकड्या किती, ते देवालाच माहीत. वडिवळ्याकडे आमच्या गावामागे एक, इंदुरीच्या अलीकडे एक, सुदुंबऱ्याच्या बाजूला आईच्या माहेरी एक. प्रत्येक गाव आपलीच खरी मानतं आणि बाकीच्यांना मुरमाचा ढीग म्हणतं. लोणावळ्यात नोकरीला लागले तेव्हा तिथेही एक होती म्हणे. आता तिच्यावर रिसॉर्ट आहे.

आईला मात्र माहेरची तेवढीच ठाऊक. नवरात्रात घटाखाली धान पेरायचं ते त्या टेकडीच्या मातीत, हा तिचा लग्नापासूनचा हट्ट. इकडच्या बायका शेतातली काळी माती घेतात. सासू कुरकुरली, जावा हसल्या, पण आईने कुणाला दाद दिली नाही. दरवर्षी स्वतः जाऊन पिशवीभर माती आणायची. यंदा गुडघ्यांनी दगा दिला म्हणून मला पाठवलं.

"वरच्या अंगची आन, पोरी. खाली गुरं बसत्यात," एवढंच बजावलं.

गुरं बसत असती तर बरं झालं असतं. टेकडी मामाच्या वाटणीची. तिची एक बाजू जेसीबीने खरवडून मुरूम विकलेला आणि माथ्यावर शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी तंबू ठोकलेले. करवंदीच्या जाळ्यांवर ओले टिश्यू लोंबत होते. बियरच्या बाटल्या, चघळलेली कोंबडीची हाडं, लहान पोराचा भरलेला डायपर. एका दगडाआड पाय टाकला तो नेमका घाणीत. चप्पल गवतावर घासत मी शिव्या दिल्या, अगदी मोठ्याने.

मामा खाली प्लास्टिकच्या खुर्चीत बसला होता.

"आईला माती हवी आहे," मी म्हटलं.

"मग ने की. लय पडलीया."

"ह्या उकिरड्यातली? घटाला?"

मामा हसला. "आगं, तांबडी माती समदी सारकीच. तुमच्या गावामागं बी तांबडी टेकडीच हाय की. तितली भर पिशवीत. आक्काला कुटं कळतंय!"

शहरातून येऊन घाण करणाऱ्यांचा राग येतो, पण ते परके. हा तिचा पाठचा भाऊ, ह्याच टेकडीवर तिच्या कडेवर बसून वाढलेला. त्याच्याकडे बघून मला शिसारी आली. मी त्याचा चहाही घेतला नाही. पुन्हा वर चढून त्यातल्या त्यात स्वच्छ जागेतली माती भरली आणि घरी आले.

आईने चाळण घेतली. काचा निघाल्या, सिगारेटची थोटकं निघाली, बाटलीचं बूच निघालं. ती एकेक वेचून बाजूला ठेवत होती. "सोड ना आई," मी म्हटलं, पण तिने परत चाळली. मग धान पेरण्याआधी पाण्याचा हबका मारला आणि मुताचा भपकारा आला. आई नाकाला पदर लावून बसून राहिली. मला राहवलं नाही. वर काय पाहिलं, मामा काय म्हणाला, सगळं सांगून टाकलं.

तिने ती माती उचलून परसातल्या उकिरड्यावर ओतली आणि साबणाने दोनदा हात धुतले.

"जा, गावामागची आन," म्हणाली.

त्या मातीत धान चांगलं तरारलं. माझ्या नाकातला तो वास मात्र गेला नाही. देवीसमोर उदबत्ती लावतानाही मळमळायचं.

दसऱ्याला नेहमीसारखा मामा आला, नारळ घेऊन, कडक इस्त्रीचा शर्ट घालून. दसऱ्याला घटाचं धान उपटून बहिणीने भावाच्या टोपीत तुऱ्यासारखं खोवायचं, ही आमच्याकडची रीत. आईने आधी भाऊ मानलेल्या शेजारच्या आबांच्या टोपीत खोवलं. मामा पाटावर डोकं पुढे करून बसला.

आईने हात मागे घेतला.

"काय गं आक्का?"

"ह्ये सासरच्या टेकडीवरचं धान हाय. माहेरचं औंदा पेरलंच न्हाई."

"आगं, माती माती असती," मामा खाली बघतच म्हणाला.

आईने उरलेलं धान देवीपुढे ठेवलं, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि मला म्हणाली, "पाव्हण्याला जेवाया वाढ."