लायलचा अर्धा रस्ता

आर्लिस हॉवलंड राज्य सरकारच्या नोकरीत, हमरस्त्यावरचा बर्फ बाजूला सारणारी गाडी चालवायची. समोरून, ऑर्डल गावाहून, लायल तशीच गाडी घेऊन यायचा. धान्याच्या जुन्या कोठाराशी दोघांची गाठ पडायची. दोघंही एकमेकांना दिवे मिचकावायची आणि आपापल्या गावाकडे परत फिरायची. वर्षानुवर्षं त्यांचं बोलणं काय ते एवढंच.

मग लायल निवृत्त झाला. साहेबांनी केक कापला, भाषण ठोकलं आणि त्याची जागा काही भरली नाही. तेव्हापासून त्याचाही अर्धा रस्ता आर्लिसच्याच गळ्यात.

या जानेवारीत पेट्रोल पंपावरची डॉट तिच्यासाठी कॉफी ओतत म्हणाली, "बाईसाहेब, विक्रीकर उतरला. तुझी कॉफी दोन सेंटनी स्वस्त! वर तिजोरीत पैसा उरला म्हणून घरटी तीनशे डॉलर परत. गव्हर्नर म्हणतो, तुमचाच पैसा तुम्हाला."

"आला माझा चेक."

"मग? काय घेतलंस?"

"काही नाही."

"कमाल आहे तुझी! पण एवढा पैसा उरला तरी कसा गं त्यांच्याकडे?"

आर्लिसने कपावर झाकण दाबून बसवलं. "लायलचा पगार वाचतोय ना," ती म्हणाली आणि बाहेर पडली.

कोठाराशी पोचल्यावर तिने सवयीने दिवे मिचकावले. समोर नुसता पांढरा रस्ता होता. ती परत फिरली नाही, तशीच पुढे गेली.