गुलाबी बेडरूम

माझे सासरे सुरतेला पांढरे आले आणि गुलाबी होऊन परत गेले.

तसा त्यात त्यांचा काही दोष नव्हता. नंदुरबारमध्ये त्यांच्या पांढऱ्या धोतराचा लौकिक होता. स्वतःच्या लग्नातही त्यांनी हळद बेताचीच लावून घेतली म्हणे, डाग पडतो म्हणून! अशा माणसाच्या मुलीशी, सुमनशी, माझं लग्न झालं तेव्हा मी सुरतेत पांडेसऱ्याच्या एका मिलमध्ये रंगखात्यात होतो. सत्तर सालाच्या मागचा-पुढचा काळ. स्थळ जुळताना मामांनी (आमच्याकडे सासऱ्यांना मामाच म्हणतात) विचारलं होतं, "सुरतले घर कसं शे?" आणि मी छाती काढून सांगितलं होतं, "बेडरूम वेगळी शे, मामा."

खरं तर मिलजवळ बमरोलीला माझ्याकडे भाड्याची एकच खोली होती. तिच्यात मी, स्टोव्ह, पाण्याचं पिंप आणि सायकल असे सगळे गुण्यागोविंदानं राहत होतो.

लग्नानंतर सुमन रीतीप्रमाणे माहेरी गेली आणि मामांनी निरोप धाडला. आधी मी स्वतः येऊन ती बेडरूम पाहीन, मनाला आली तर पोर पाठवीन, नाहीतर ती इथेच राहील. झालं! माझा जीव टांगणीला लागला. मुळात मला एका जागी बसवत नाही. डाळ शिजते की नाही हे बघायला मी झाकण इतक्या वेळा काढतो की डाळच शिजत नाही. आता तर झोप उडाली, जेवण जाईना, रंगाच्या जिगर मशीनवर कापड कुठल्या कुठे गुंडाळलं जाऊ लागलं. सुमनशी धड चार वाक्यंही बोलणं झालं नव्हतं, पण ती आली नाही तर आपलं काही खरं नाही, एवढं मला पक्कं कळत होतं.

बेडरूम नाही तर ती तयार करायची! खिशात फारसं काही नव्हतं. मी बाजारातून छपाईत बिघडलेलं कापड वजनावर आणलं आणि खोलीच्या मधोमध पडदा टांगला. त्याच्यावर पोपट होते. छापताना साचा सरकल्यामुळे प्रत्येक पोपटाचं डोकं शेजारच्या पोपटाच्या पाठीवर गेलं होतं, पण लांबून पाहिलं तर पोपट एकमेकांच्या कानात काहीतरी सांगताहेत असं वाटे. मिलमधल्या लाकडी खोक्यांवर फळ्या टाकून पलंग केला. राहिल्या भिंती. त्या धुरानं काळवंडलेल्या.

माझा दोस्त काशिनाथ माझ्याच खात्यात होता, मूळचा शिरपूरचा. तो पडदा बाजूला सारून आत आला आणि म्हणाला, "भिती रंगाड ना भो! मिलना पिपडाना तळले गुलाबी रंग पडेल शे. मास्तरले विचार."

मी रंगखात्याच्या मास्तरांना विचारलं. मास्तर म्हणाले, "ले जा. कपडा रंगना है?"

"दीवार रंगनी है, साहब."

मास्तर हसत निघून गेले. शहाण्या माणसानं तिथेच थांबायला हवं होतं.

आम्ही चुना भिजवला, त्यात रंग ओतला आणि दोघांनी मिळून पडद्यापलीकडच्या भिंती रंगवल्या. रंग आला वांग्यासारखा! काशिनाथ म्हणाला, "ओला रंग गडदच दिसस. सुकना की उतरी." हे आम्हा दोघांना पोटापाण्याचं ज्ञान होतं. पण मला दम कुठला? मी भिंतीवर बोट फिरवलं. बोट गुलाबी!

"काशिनाथ, रंग धरत नाही रे!"

"मीठ टाकं का?"

बरोबर! सुती कापडावर रंग चढवायचा तर मीठ लागतं. हे रंगखात्यातल्या मांजरालाही ठाऊक. (भिंत सुती नसते, हे मात्र आमच्यापैकी कुणालाच त्या क्षणी आठवलं नाही.) मी खडेमीठ आणलं, रंगात कालवलं, दुसरा हात दिला. तरी बोट गुलाबी. आणखी मीठ, तिसरा हात! त्या भिंतीत एवढं मीठ गेलं की चाळीभरच्या लोणच्याला पुरलं असतं.

आणि मिठानं मिठासारखंच केलं. सुरतेची दमट हवा ते पिऊ लागलं. भिंत सुकायची सोडून रोज अधिकच ओली होऊ लागली. इकडे मामा यायचा दिवस जवळ आलेला! मी येता-जाता भिंतीला हात लावून बघायचो. माझी बोटं, कान, सायकलची मूठ, मिलमधला चहाचा कप, सगळं गुलाबी.

"आता वाफ," काशिनाथ म्हणाला. "वाफ दिधाशिवाय रंग पक्का व्हत नही."

आम्ही दोन स्टोव्ह पेटवले, त्यांवर पातेली ठेवली आणि दार-खिडकी लावून बेडरूमला वाफ देऊ लागलो. थोड्या वेळात भिंतीवरून गुलाबी ओघळ निघाले. ते पलंगाखालून, पडद्याखालून, उंबऱ्यावरून थेट बाहेर. बाहेर घरमालकीण शांताबेन तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"अरे बाप रे! आ शुं कर्युं?" त्या ओरडल्या. "मारी भींत!"

"बेन, बेडरूम बनवतोय!" मी आतूनच ओरडलो.

"बेडरूम के धोबीघाट?"

दुसऱ्याच दिवशी मामा उधन्याला पॅसेंजरमधून उतरले. पांढरं धोतर, पांढरा सदरा, पांढरी टोपी. मी ठरवलं होतं, भिंत सुकेपर्यंत यांना घरी न्यायचंच नाही. स्टेशनावर चहा पाजला. मग मिलचं गेट दाखवलं. मग मिलचं मागचं गेट दाखवलं. मग परत चहा. मामा शेवटी म्हणाले, "जवाई, गेट बहू देखात. आते जरासं आडं पडू दे."

घरी आलो. मामांनी पोपटांकडे पाहिलं. पडदा सारून आत गेले, गुलाबी भिंती पाहिल्या आणि चक्क मान डोलावली!

"बेस शे," ते म्हणाले. "पण भितले वल कशी?"

"गारवा राहतो, मामा! उन्हाळ्यात बरं पडतं."

मामा पलंगावर आडवे झाले. प्रवासानं दमलेला माणूस, लगेच घोरू लागला. मी पडद्याबाहेर येरझाऱ्या घालत होतो. मध्येच डोकावून पाहिलं तर मामा गार भिंतीच्या बाजूला कलंडलेले. पुन्हा डोकावलं तर पाठ भिंतीला. उठवावं तर झोपमोड, न उठवावं तर... मी पुन्हा येरझाऱ्या घातल्या.

शेवटी मामा जिभेनं ओठ चाटत उठून बसले.

"जवाई, तुनी भित खारी शे."

मग त्यांची नजर खाली गेली. "मना धोतरले काय व्हयनं हाई?"

धोतर, सदरा, टोपी, डावा गाल आणि अर्धी मिशी, सगळ्यांवर गुलाबी पट्टे! गलका ऐकून शांताबेन आल्या आणि तोंडावर पदर धरून म्हणाल्या, "आ तो होळी छे!"

"काही नाही, मामा! आत्ता निघतं!" मी म्हणालो. मामांना मोरीत बसवलं आणि स्टोव्हवर पाणी तापवून त्यांच्या अंगावर, कपड्यांसकट, तांब्यामागून तांब्या ओतू लागलो. तेवढ्यात काशिनाथ धावत आला.

"भो, पाणी गरम का गार?"

"गरम! का?"

त्यानं कपाळावर हात मारून घेतला.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. सुती धोतर, रंग, भरपूर मीठ, वर चुन्याचा खार आणि आता गरम पाणी! भिंतीला जे एवढा खटाटोप करूनही चढलं नाही, ते मामांना एका बैठकीत चढलं. पट्टे गेले आणि अंगभर एकसारखा, झकास गुलाबी रंग आला. एक डाग नाही, एक रेघ नाही. सगळ्या नोकरीत माझ्या हातून इतका सरळ रंग कधी चढला नव्हता!

मामांनी दुसरे कपडे आणले नव्हते. माझे त्यांना होईनात. ते तसेच ओलेगुलाबी उधन्याला निघाले. मी मागून त्यांची पिशवी घेऊन. फलाटावर कुणीतरी विचारलं, "काका, कुणाची वरात?" गाडी हलली तेव्हा मला खरोखरच रडू कोसळलं. संपलं सगळं. मी घरी येऊन पोपटांचा पडदा काढून टाकला आणि भिंतीकडे पाठ करून बसलो (जरा अंतर ठेवून).

पुढचे काही दिवस मी माणसात नव्हतो. आणि एका सकाळी दारात ट्रंक आपटल्याचा आवाज झाला. पाहतो तर सुमन! सोबत तिचा थोरला भाऊ. भाऊ पाणी प्यायला शांताबेनकडे गेला तसं मी हळूच विचारलं, "मामांनी कसं पाठवलं तुला? बेडरूम आवडली त्यांना?"

सुमननं पदर तोंडाला लावला. हसू काही आवरेना.

"बाबा म्हनेत, 'पोरी, लवकर जाय. हाऊ माणूस एकला ठेवाजोगा नही. आज माले रंगाडं, उद्या घरमालकीणले रंगाडी!'"

मग तिनं पदर खोचला, भिंतीवर एक नजर टाकली आणि माझ्या हातात पिशवी दिली. "तुम्ही भाजी घेऊन या. सावकाश या." मी परत आलो तोवर तिनं आणि तिच्या भावानं भिंती खरवडून साधा पांढरा चुना मारायला घेतला होता.

तेव्हापासून आमच्या घरात साधा खिळा ठोकायचा असला तरी ती मला आधी पिशवी देऊन बाजारात पाठवते. शेजारीपाजारी म्हणतात, काय नवरा आहे, रोज ताजी भाजी आणतो!