हुर्राक आणि रोट

पेडण्याच्या डोंगराजवळ काजूची भट्टी लावणाऱ्या कृष्णनाथाचा स्वतःच्या सावलीवरही भरवसा नव्हता. दुधाचा वास घेतल्याशिवाय चहा प्यायचा नाही, असला माणूस! विश्वास काय तो आपल्या जिभेवर. हुर्राकाचं, काजूच्या पहिल्या धारेच्या दारूचं, नवं भांडं उतरलं की वाटीभर जागेच्या राखणदार देवाला, सोबत गव्हाचा रोट. मग त्याच रोटाचा तुकडा प्रसाद म्हणून खाऊन कृष्णनाथ पहिला घोट घ्यायचा. तो "बरी आसा" म्हणाला की गिऱ्हाईक डोळे मिटून माल न्यायचं.

यंदा घोट पोटात गेला आणि ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या. दुसऱ्या भांड्यालाही तेच. भट्टीची आग सांभाळायचा बेळगावकडचा निवृत्ती. झालं, संशय त्याच्यावर.

"नवसागर घातलंस मरे हेच्यात?"

"आगीम्होरं बसून खोटं बोलत न्हाई, मालक. कायबी घातलं न्हाई."

इतक्या वर्षांचा माणूस; पिशवी उचलून वाळपईकडच्या भट्टीवर गेला.

पुढचं भांडं कृष्णनाथाने एकट्याने उतरवलं, कुणाला फिरकू दिलं नाही. रोट खाल्ला, घोट घेतला आणि श्वासच कोंडला. बायकोने, सुमंगलाने, शेजाऱ्याच्या गाडीत घालून म्हापशाला नेलं म्हणून वाचला.

तपासण्या झाल्यावर डॉक्टरबाई म्हणाल्या, "तुम्हाला गहू सोसत नाही."

"पाव रोज खातंय मी!"

"नुसता पाव चालतो. त्यावर दारू पडली की उसळतं. काहींचं असतं असं, कुठल्याही वयात सुरू होतं. गहू पोटात असताना थेंबही नको."

कृष्णनाथाला आधी बाईंचाच संशय आला. पण ते भांडं त्याच्याच हातचं. दोष द्यायला दुसरं माणूस उरलं नव्हतं. निवृत्तीची आठवण झाली आणि त्याला लाज वाटली.

"जावा, तेका घेवन येवा," सुमंगला म्हणाली.

सकाळी भाजी-पाव खाऊन तो वाळपईला गेला.  नुकत्याच उतरलेल्या हुर्राकाचा पेला निवृत्तीने पुढे धरला.

"घ्या, मालक."

कृष्णनाथ पेला धरून नुसताच उभा राहिला. 

"माका गहू बाधता रे. पाव खाल्लंय... आज जमाचा नाय."

"गहू? ह्यात कुठला गहू, मालक?"

निवृत्तीने पेला काढून घेतला, एका दमात रिकामा केला आणि तोंड पुसलं.

"बघा. काय झालं न्हाई मला. जावा आता."