उकळत्या पाण्यातली झडप

पाय मोडल्यापासून बायकोला स्टेशनचा जिना चढवेना. आम्ही बदलापुरात राहायचो, आणि ती अंबरनाथच्या शाळेत विज्ञान शिकवायची. सोमवारी रजा संपत होती. गाडीने सोडणं जमलं नाही तर नोकरी सोडायची, असं तिनं ठरवलं होतं. तेवढ्यासाठी मी एक जुनी मोटार घेतली, तर ती आठ किलोमीटरांत सव्वा लिटर पाणी सांडायची. मी बाटलीने मोजून भरायचो, त्यामुळे आकडा पक्का आहे.

उल्हासनगरच्या मेकॅनिकने बॉनेट उघडलं. इंजिनावरच्या एका झाकणाच्या कडेने पाणी येत होतं. त्या झाकणाखाली थर्मोस्टॅट असतो, म्हणजे इंजिन तापलं की उघडून पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप. ती अडकली की पाणी उकळतं आणि फटीतून बाहेर पडतं.

"साहेब, निकाल के फेक दो," तो म्हणाला. "इधर बर्फ पडता है क्या? सगळे काढूनच चालवतात."

मला ते जवळजवळ पटलं. तरी गाडी त्याच्याकडे ठेवून, शेजारच्या दुकानातून नवी झडप परत करायच्या बोलीवर घेतली आणि त्याने काढलेली जुनी व ही नवी, दोन्ही घरी आणल्या.

"अहो, कारखान्याने बसवलेली वस्तू उगाच असते का?" बायको म्हणाली. "इंजिन गार राहिलं तर पेट्रोल जास्त पिईल. आधी तपासू."

तिनं दुधाच्या पातेल्यात पाणी तापत ठेवलं. दोन्ही झडपा दोऱ्याने आत सोडल्या आणि शाळेतून आणून घरीच राहिलेला थर्मामीटर बुडवला. ब्याऐंशी अंशांवर नवी उघडू लागली. जुनी मात्र पाणी खळखळलं तरी जेमतेम नखभर उघडली.

"अगदी तुमच्यासारखी," ती म्हणाली. "डोक्यावरून पाणी गेलं तरी तोंड उघडायचं नाही."

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने झाकणाची कड घासून नवं पॅकिंग घातलं, नवी झडप बसवली. पातेल्याची हकीगत ऐकून तो हसला, "मॅडम को इधर बिठाओ, मैं घर जाता हूँ!"

रविवारी मी शाळेपर्यंत तीनदा जाऊन आलो. इंजिन गार झाल्यावर पाहिलं, तर पाणी जिथल्या तिथे होतं.

सोमवारी शिपायाने फाटक उघडून गाडी थेट पायऱ्यांपाशी येऊ दिली. बायको काठी टेकत चारही पायऱ्या चढली आणि वळून म्हणाली, "उद्या दहा मिनिटं लवकर निघू. पहिला तास माझा आहे."