ओठांवरचं मत

१८६८च्या नोव्हेंबरातला मंगळवार. सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटं. लँकेशायरातल्या एका गिरणीच्या विणाई खात्यात माग दुरुस्त करणारा जॉबर एमॉस पिकप मागाखाली उताणा पडून पट्टा ताणत होता. विणकरीण नॅन्सीनं वाकून नुसते ओठ हलवले. मागांच्या खडखडाटात इथं सगळे असंच बोलतात, ओठ वाचून.

"जॉबर, मालक पार्लमेंटात निघाले. तुम्ही अजून खालीच?"

"याच मागाखाली तोही लोळलाय. विचार त्याला."

मालक म्हणजे ईनॉक हार्गर. दोघं नवव्या वर्षी एकाच दिवशी कामाला लागले. माग दुरुस्त करायला ईनॉकला एमॉसनंच शिकवलं. आता ईनॉकचे तीनशे माग, आणि भिंतीभिंतीवर त्याच्या निवडणुकीची पत्रकं: 'कुणीही न शिकवता स्वतः घडलेला माणूस.' एमॉसनं ते पत्रक चारदा वाचलं होतं. चारही वेळा त्याच ओळीपाशी थांबून.

दुपारी गिरणी मतदानासाठी थांबली. मत चारचौघांत तोंडानं सांगायचं, कारकून ते वहीत लिहिणार. एमॉसचं घर गिरणीचं, नोकरी गिरणीची. प्रतिस्पर्धी कर्नल व्हॅली याच्याशी त्याचं कसलंच देणंघेणं नव्हतं. मंचावर ईनॉक रेशमी टोपी मांडीवर ठेवून बसला होता. एमॉसची नजर त्या टोपीवरून हलेना.

"कुणाला मत?" कारकुनानं विचारलं.

एमॉसनं उत्तर दिलं. खाली गर्दीचा गलका होता. चाळीस वर्षांच्या सवयीनं त्याचे फक्त ओठ हलले.

"ऐकू आलं नाही. मोठ्यानं!"

पण समोरच्या विणकरांनी 'व्हॅली' वाचलं होतं. पहिल्या रांगेतली माणसं हसता हसता थांबली. ईनॉकनंही वाचलं. त्याचे ओठ हलले, आवाज न काढता, अगदी पूर्वीसारखे: "मत बदल. मी काही पाहिलंच नाही."

शब्द फिरवायला अजून वेळ होता. पण ईनॉक ओठ वाचायलाही विसरला नव्हता. जे एमॉसकडे होतं, ते सगळं ईनॉककडेही होतंच, आणि वर ती रेशमी टोपी.

"कर्नल व्हॅली!" एमॉस ओरडला.

कारकुनानं लिहिलं. ईनॉकनं मान वळवून पुढच्या मतदाराकडे पाहिलं.

मंचाच्या पायऱ्यांवर गिरणीचा मॅनेजर भेटला. "उद्या येऊ नकोस, असं साहेब म्हणाले नाहीत."

"ये म्हणाले?"

"तेही नाही."

उद्या बुधवार. गिरणीचं फाटक सहाला उघडतं, सहा वाजून दोन मिनिटांनी बंद होतं.