आजीला आडवं न्या

माझ्या आजीचं नाव शेवंती. गेल्या गणपतीनंतर ती गेली. कोणी विचारलं तर मी एवढंच सांगते की पडली होती, हॉस्पिटलात न्यूमोनिया झाला, वय होतं. लोक मान हलवतात आणि "सुटली बिचारी" म्हणतात. तेव्हा मला भयंकर राग येतो. कशातून सुटली? तिला सुटायबिटायचं नव्हतं. मला शेवटचं जाताही आलं नाही. माझा इथला, जर्मनीतला, कामाचा परवाना नूतनीकरणाला गेला होता आणि तो हातात नसताना देश सोडला तर परत आत घेत नाहीत.

वाकोल्यात आमची जुनी बिल्डिंग आहे, लिफ्ट नसलेली. त्या गल्लीतल्या निम्म्या साड्यांना फॉल आजीने लावलाय. आजोबा लवकर गेले. मग तिने घरात बसून फॉल-पिको करून बाबांना वाढवलं, आणि आई कामाला जायला लागल्यावर मलाही. साडी आली की ती बाईची कुंडली मांडायची. "हिच्या घरात लग्न ठरलाहा, पण ही कोणाक सांगूची नाय." महिन्याभरात पत्रिका यायची. मी चिडून बोलले की म्हणायची, "माझाच तोंड घेतलंस गो." ते खरं आहे.

मी नर्स झाले, जर्मन शिकले आणि हॅम्बर्गच्या एका वृद्धाश्रमात नोकरीला आले. इथे मी परक्यांच्या आज्यांना आंघोळ घालते, त्यांचे केस विंचरते. स्वतःची आजी सातासमुद्रापलीकडे ठेवून. याला नशीब म्हणायचं की मूर्खपणा, मला अजून ठरवता आलेलं नाही.

आई-बाबा कामावर गेले की आजी दिवसभर एकटी. म्हणून बाबांनी हॉलमध्ये टीव्हीच्या वर एक कॅमेरा लावला. मला मोबाइलवर हॉल दिसायचा आणि मी बोललेलं त्या डबीतून तिला ऐकू जायचं. ती त्याला 'तुझो डोळो' म्हणायची; शेजाऱ्यांना त्या डबीचं काही ठाऊक नव्हतं. माझी जेवणाची सुट्टी म्हणजे तिची चहाची वेळ. ती कप घेऊन समोर बसायची, मी काय खातेय ते विचारायची आणि ब्रेड म्हटलं की कपाळावर हात मारायची. भांडण झालं तर डोळ्यावर नॅपकिन टाकायची, मग मी नॅपकिनशी बोलत बसायचे. तेवढ्यावर माझा दिवस निघायचा.

त्या दिवशी कँटीनमध्ये बसून मोबाइल उघडला. टीव्हीवर कुठलीशी मालिका मोठ्याने चालू होती आणि आजी नव्हती.

"आजी, कुठे आहेस?"

"आसंय गो." आवाज स्वयंपाकघरातून आला. "भाजी निवडतंय."

"बाहेर ये ना."

"पायाक मुंग्या इलेत. येतंय मगे."

आवाज जमिनीवरून येत होता. असे आवाज मी रोज ऐकते, मला कोण फसवणार?

"पडलीस ना? खरं सांग."



"बापाशीक तुझ्या फोन करू नको. कामार आसा तो."

"पाऊल बाहेरच्या बाजूला वळलंय का?"

"होय गो."

म्हणजे खुबा मोडला होता. मी तिला अजिबात हलू नकोस म्हटलं. बाबा साकीनाक्याच्या वर्कशॉपमध्ये असतात, तिथे मशीनच्या आवाजात फोन कुठला ऐकू येतोय! आईचाही लागेना. मग समोरच्या दत्ताराम काकांना लावला आणि त्यांनी लगेच उचलला. "आलोच," म्हणाले, आणि आले. पण दाराला आतून कडी होती. माणसं गोळा झाली, धक्के बसायला लागले. एक धक्का बसला की आजी आतून ओरडायची, "दार मोडू नको रे दत्ताराम!" मला हसूही आलं आणि रडूही.

कडी निखळली. पाच-सहा जण माझ्यासमोरून स्वयंपाकघरात धावले. शेजारी असावेत तर असे. कोणी पाणी आणलं, कोणी रिक्षाला पळालं. आणि मग कोणीतरी आमच्या हॉलमधली प्लॅस्टिकची खुर्ची उचलून आत नेली.

आमच्या बिल्डिंगमध्ये आजारी माणूस असाच खाली उतरतो. चौघांनी खुर्ची धरायची आणि जिना उतरायचा. पण मोडलेल्या खुब्याला बसवायचं नसतं!

"काका, बसवू नका! आडवं न्या, चादरीवर घ्या!"

सगळे एकाच वेळी बोलत होते. काकांना फोन लावला, तो त्यांच्या घरात वाजत राहिला. उचलायला काकू हव्यात, तर त्या आमच्याच दारात उभ्या. आतून आजीची किंकाळी आली. अशी किंकाळी मी तिच्या तोंडून जन्मात ऐकली नव्हती.

खुर्ची हॉलमध्ये आली. आजीची पाठ माझ्याकडे होती. मला तिचा सुटलेला अंबाडा आणि खुर्चीचा हात घट्ट धरलेली बोटं दिसत होती. मी घसा फोडून ओरडत होते.

"थांबा रे," आजी म्हणाली. "माझी नात बोलता. तिचा आयका."

"होय आजी, होय," काका तिला थोपटत म्हणाले. "येतली हा नात तुझी. सगळी येतली."

तिने मान वळवायचा प्रयत्न केला, पण ती वळेना. खुर्ची दारातून बाहेर गेली.

मागे राहिलेल्या एका मुलाला कोणीतरी जिन्यातून हाक मारली. "अरे, तो टीव्ही बंद कर आधी, किती ओरडतोय! आणि दार ओढून घे."

त्याने टीव्ही बंद केला. मालिका थांबली. मी ओरडतच होते, "आडवं न्या, अरे, तिला आडवं न्या!" तो दचकला. टीव्हीकडे पाहिलं, पुन्हा रिमोट दाबला. आवाज काही थांबेना. खाली सगळे घाईत होते, त्याच्या नावाने हाका चालल्या होत्या. तो दाराजवळ गेला, हात वर केला आणि मेन स्विच खाली ओढला.