हिरव्या बांगड्यांचं बँडेज

“बांगड्या उतरवायच्या आसतील तर आमी घरी जातो, दाक्तरसाब,” गिरजाबाई म्हणाल्या आणि सुनेचा डावा हात धरून उठल्यासुद्धा.

मी सुई उकळून ठेवली होती. कंपाउंडरने कापूस नि पट्ट्या मांडल्या होत्या. सगळं अडलं होतं ते सुनेच्या उजव्या मनगटातल्या हिरव्या बांगड्यांपाशी. मला राग आला, आणि राग आला की तो लपवायची मला कधीच सवय नव्हती. “जा मग. हात सडवा,” असं मी बोलून गेलो. त्या दारापर्यंत गेल्या, पण सून जागची हलली नाही. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

गोष्ट निजामाच्या अमदानीतली. हैदराबादला डॉक्टरी शिकून मी धारूरच्या सरकारी दवाखान्यात नेमणुकीवर होतो. गिरजाबाईंचं घर डोंगराच्या कडेला असलेल्या एका वस्तीवर, शेतीवाडी बऱ्यापैकी. सून सुभद्रा विशी ओलांडलेली. तिच्या उजव्या मनगटावर, मागच्या बाजूला लिंबाएवढी गाठ आली होती. पण मला गाठीहून जास्त काळजी वाटली ती बोटांची. दोन्ही हातांची पेरं सुजलेली होती आणि हाताला गरम लागत होती. सकाळी दिवस कासराभर वर येईपर्यंत मूठच वळत नाही, असं ती म्हणाली.

गाठीवर घरचे इलाज होऊन गेले होते. शेजारच्या एकाने गाठीवरच पितळी तांब्या हाणला होता. गाठ आतल्या आत फुटली आणि बसली, सगळे खूश झाले. महिना गेला नाही तोच ती पहिल्यापेक्षा मोठी होऊन आली, ती ठणका घेऊनच.

हे असं का होतं ते सांगतो. सांध्याच्या आत एक पातळ अस्तर असतं. ते वंगण तयार करतं, म्हणून हाड हाडावर घासत नाही. आमवातात हे अस्तर सुजतं आणि गरजेपेक्षा जास्त वंगण पाझरायला लागतं. जागा पुरेना झाली की ते पाणी अस्तराची पिशवी करून बाहेर फुगतं. तिला आम्ही सायनोव्हियल सिस्ट म्हणतो. आतलं पाणी कोरफडीच्या गरासारखं चिकट असतं. ते सुईने काढता येतं, पण सांधा तापलेला असेल तर विहीर उपसल्यासारखं होतं; झरा चालू आहे तोवर पाणी परत चढणारच. म्हणून दोन्ही कामं बरोबरीने करावी लागतात. सांध्याची सूज उतरवायला पोटात सॅलिसिलेटचं औषध, आणि मनगट हलू नये म्हणून स्प्लिंट, म्हणजे फळीचा आधार देऊन घट्ट पट्टी.

पट्टी बांधायची तर मनगट मोकळं हवं. आणि सवाष्णीचं मनगट मोकळं करायचं नसतं. त्यात सुभद्रेचा नवरा कपाशीच्या गाड्या हाकायला हंगामभर परळीकडे गेलेला. माणूस वाटेवर असताना बायकोच्या हातातल्या बांगड्या उतरवायच्या, हे ऐकूनच गिरजाबाईंचा जीव उडाला होता.

मी त्यांना परत बसवलं आणि विचारलं, मग आणलंत कशाला?

त्यांनी आडपडदा ठेवला नाही. “हिला भाकर थापता येईना, दाक्तरसाब. पाण्याची घागर उचलंना. आमी सिरसाळ्याची एक पोरगी बघून ठिवलीय. पोरगा परत आला की बोलणी करायची. त्याच्या आत हात बरा झाला तर झाला.”

सुभद्रेसमोर बोलल्या. सुभद्रा खाली मान घालून आपली गाठ चोळत राहिली. मला त्या बाईचा संताप आला आणि पोरीची फार दया आली. पण डॉक्टरने संताप करून सांधा बरा होत नाही.

तडजोड केली. बांगड्या कोपराकडे जेवढ्या चढतील तेवढ्या चढवल्या. गाठीतलं पाणी काढलं. गाठ सपाट झाली तेव्हा सुभद्रेने पहिल्यांदा माझ्याकडे वर बघितलं. फळी लावून पट्टी बांधली, औषधाची बाटली दिली. कान वाजायला लागले तर लगेच यायचं, हेही सांगितलं. सॅलिसिलेट जास्त झालं की कान वाजतात. हात कामाला लावायचा नाही, हे तर तीनदा बजावलं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी दोघी आल्या त्या रडत. हात कोपरापर्यंत सुजला होता. मी पट्टी सोडली आणि थक्क झालो. पट्टीच्या आत, थेट गाठीवर, एक हिरवी बांगडी घातलेली होती. तिच्या काठाने कातडी सोलली होती. गाठ पुन्हा भरली होती.

“हे कुणी केलं?”

“वरच्या समद्या वाढल्या,” गिरजाबाई पुटपुटल्या. बांगडी फुटली असं आमच्याकडे म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. चढवलेल्या बांगड्या फळीवर आपटून एकेक करून गेल्या होत्या. हात रिकामा राहिला म्हणून सासूने घाबरून पट्टी सैल केली, एक बांगडी आत सरकवली आणि वरून पुन्हा गुंडाळलं. त्याच हाताने सुभद्रा घरी भांडीही घासत होती.

माझा तोल जाणार होता. तेवढ्यात आमच्या सिव्हिल सर्जन साहेबांची घोडागाडी दारात उभी राहिली. साहेब दौऱ्यावर होते. हात त्यांनी उभ्या उभ्याच पाहिला.

“इसमें सोचना क्या है? चीरा लगाओ, थैली निकालो, किस्सा खतम.”

“साहेब, सांधा तापलेला आहे. पिशवीचं तोंड सांध्यात उघडतं. कातडी सोललीय, आत पू शिरला तर मनगट कायमचं आखडेल. आणि सूज राहिली तर शेजारी दुसरी पिशवी येईल.”

“तुमने सुई लगाके देखी ना? क्या हुआ?”

साहेब हुशार होते, त्यांच्या हाताला यशही होतं. ते म्हणाले, पुढच्या दौऱ्याला येईन तेव्हा गाठ दिसली तर मीच कापणार. सुभद्रेला हिंदुस्थानी कळत होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

त्या संध्याकाळी मी बाजारातून चाललो होतो, मनात गिरजाबाईंना शिव्या घालत. महबूब मनियार आपल्या दुकानात एका नवरीच्या हातात लाखेचा चुडा भरत होता. लाखेची बांगडी काचेसारखी हातावरून सरकवावी लागत नाही. निखाऱ्यावर धरली की मऊ होते, उघडते, आणि मनगटाभोवती फिरवून टोकाला टोक जोडता येतं. मी तिथेच थांबलो. इतके दिवस मी बांगड्यांशी भांडत होतो. बांगडी पट्टीच्या आत नको होती, एवढंच. बाहेर असायला माझी काय हरकत होती?

मी महबूबला विचारलं, एवढ्या जाड हाताला बसेल का? आणि माझी मूठ त्याच्यापुढे धरली.

“हत्ती के पाँव को भी बिठा दूँगा, डाक्टरसाब,” तो म्हणाला. “रंग बोलो.”

सोललेली कातडी आधी भरू दिली. मग पाणी पुन्हा काढलं, आणि या वेळी खळीत भिजवलेल्या पट्ट्यांचे थर दिले. त्या वाळल्या की लाकडासारख्या कडक होतात. बोटं मोकळी ठेवली, म्हणजे गरम पाण्यात शेकून हलवता येतील. त्यावर महबूबने काचेचे तुकडे जडवलेल्या हिरव्या बांगड्या चढवल्या. निखाऱ्याची शेगडी दवाखान्याच्या ओट्यावर होती. कंपाउंडर तोंडाला रुमाल लावून हसत होता. गिरजाबाईंनी प्रत्येक बांगडी बोटाने वाजवून पाहिली.

“काच हाय?”

“हाय,” महबूब म्हणाला.

“मंग चालंल.”

मी फक्त एवढंच सांगितलं: “मावशी, लाख नाजूक असते. धक्का लागला, पाणी लागलं, तर ही बांगडी वाढेल. मुलगा वाटेवर आहे. तुम्ही बघा.”

पुढची गंमत मला सुभद्रेने नंतर सांगितली. गिरजाबाईंनी तिला जात्यापाशी बसू दिलं नाही. भांड्यांना हात लावू दिला नाही. पाणी स्वतः भरलं, भाकरी स्वतः थापल्या. शेजारीण पट्टी कशी आहे ते चाचपायला आली तर तिच्या अंगावर धावून गेल्या. “आत्याबाई मला चुलीजवळ बी जाऊ देईनात,” सुभद्रा म्हणाली, “लाख वितळंल म्हणून.” मी तीनदा बजावून जी विश्रांती मिळाली नव्हती, ती त्या हिरव्या बांगड्यांनी सासूकडून मिळवून दिली. औषधाचा डोसही एक चुकला नाही, कारण तोही आता बांगड्यांच्या खात्यातच गेला होता.

साहेबांचा दौरा आला. सुभद्रेचा नवराही परतला होता, तो पागोटं हातात घेऊन दारात उभा. महबूबने शेगडी फुंकली, बांगड्या ऊब देऊन एकेक उघडल्या आणि गिरजाबाईंच्या पदरात ठेवल्या. मी कात्रीने खळीची पट्टी कापली.

मनगट सपाट होतं. साहेबांनी अंगठ्याने दाबून पाहिलं, वळवून पाहिलं. पेरांची सूजही उतरली होती.

“गाँठ किधर गई?” साहेबांनी विचारलं. कापायची हत्यारं त्यांनी बरोबर आणली होती.

मी म्हणालो, हाताची खरी परीक्षा अजून व्हायची आहे. दवाखान्याच्या मागे कंपाउंडरच्या घरची चूल पेटलेली होती. सुभद्रा परातीपुढे बसली. आखडलेलं मनगट आधी जरा कुरकुरलं. मग तिने ज्वारीचा गोळा मळला आणि दोन्ही हातांनी भाकर थापली. गोल, पातळ, कडेला एक चीर नाही. मी आयुष्यात पुष्कळ हात तपासले, पण त्या थापण्याचा आवाज ऐकून मला जेवढा आनंद झाला तेवढा क्वचितच झाला असेल. साहेबांनी अर्धी भाकर उभ्याउभ्या खाल्ली. उरलेली गिरजाबाईंनी खाल्ली, आणि शेवटचा घास गिळून मुलाला म्हणाल्या, “सिरसाळ्याला सांगावा धाड. म्हणावं, आमाला न्हाई जमत.” सुभद्रा तव्याकडे तोंड करून रडली. या वेळी कुणी तिला गप्प केलं नाही.

आमवात मुळासकट जात नाही, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. थंडीत सुभद्रेची बोटं पुन्हा धरायची. पण आता पेरं गरम लागली की गिरजाबाई स्वतः तिला घेऊन यायच्या, गाठ यायच्या आधीच. एकदा तर वस्तीवरच्या दुसऱ्या एका सुनेला पुढे घालून आल्या. तिचंही मनगट सुजलं होतं.

“दाक्तरसाब, हिला बी बांगड्या भरा,” म्हणाल्या. “हिच्या सासूला मी समजावलंय.”

गाठ रिकामी करायला एक सुई पुरते. ती पुन्हा भरू नये म्हणून मात्र घरातली एक सासू आपल्या बाजूला असावी लागते.